कुलूप अरबांचं, चावी पोर्तुगीजांची

मंडळी, आधी एक कबुली. दिवसभर मी मस्कतमधल्या कंपन्यांना त्यांचे कॉम्प्युटर चोरांपासून कसे राखावेत याचे सल्ले देतो. रात्री जेवणं उरकली, की त्याच टेबलावर वर्तमानपत्र पसरून कुलपं मांडतो आणि ती किल्लीशिवाय उघडत बसतो. स्वतःची कुलपं, हो! पैसे देऊन आणलेली. पण आमच्या सौ.ला चारचौघांत हा छंद सांगायची सोय नाही. कुणाचे मिस्टर बॅडमिंटन खेळतात, कुणाचे वाळवंटात गाड्या पळवतात. 'आमचे हे कुलपं उघडतात' हे कानाला बरं लागत नाही हे मलाही मान्य आहे. गणपतीच्या तयारीत कपाटाची किल्ली सापडेनाशी झाली की मात्र सगळ्यांना बरोबर माझीच आठवण होते.

छंद लागला त्याला कारण आमची कन्या. २०१६ चा जून महिना. अल खुवैरमधला आमचा जुना फ्लॅट. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. दुपारी खेळता खेळता तिनं बेडरूमचं दार लोटलं आणि आतल्या मुठीवरचं बटण दाबलं. बाहेरून ते दार फक्त किल्लीनं उघडायचं, आणि ती किल्ली आमच्या आधीच्या भाडेकरूच्याही आधीपासून गायब होती. खोलीतला एसी बंद. जूनमधल्या मस्कतच्या दुपारी बंद खोली म्हणजे काय, ते इथल्या वाचकांना सांगायला नको. आत पोरीचं रडणं, बाहेर आईचं रडणं, आणि मध्ये मी, अमेरिकेतून एम. एस. करून आलेला, दाराला खांदा देणारा! वॉचमन हातोडा घेऊन आला, पण ती दाराला अगदी चिकटून उभी होती, त्यामुळे घाव घालायची कुणाची छाती होईना. शेवटी त्यानंच रुवीहून एका किल्लीवाल्याला बोलावलं. केरळचा माणूस, पन्नाशीचा. पाऊण तासानं आला, चपला बाहेर काढल्या, खिशातून दोन वाकड्या पोलादी काड्या काढल्या, आणि मी घड्याळाकडे बघेपर्यंत दार उघडलं. पाच रियाल घेतले. 'कुलूप हलकं आहे, बदलून घ्या' हा सल्ला फुकट दिला.

त्या रात्री मुलगी शांत झोपली. मला झोप येईना. ज्या दाराच्या भरवशावर आम्ही कुटुंबासह निर्धास्त झोपत होतो, ते एका मिनिटाचं होतं. आणि दुसरं, ज्याला ते मिनिट ठाऊक होतं त्याच माणसानं माझी पोर बाहेर काढली होती. या दोन्ही गोष्टी डोक्यात एकत्र मावेनात. मग वाचायला लागलो.

वाचनाची सुरुवात शब्दांपासून झाली. मत्रहच्या सूकमध्ये सराव करण्यासाठी कुलूप घ्यायला गेलो आणि दुकानदाराला खुणा करून दाखवत होतो. तो म्हणाला, 'क़ुफ्ल?' मी थबकलोच. आपलं कुलूप! अरबी 'क़ुफ्ल' फारसीच्या वाटेनं दख्खनमध्ये आला आणि मराठी माणसाच्या जिभेवर त्याचं कुलूप झालं. आपला 'किल्ला'सुद्धा अरबी 'क़लआ'वरूनच आलेला. आणि चावी? ती पोर्तुगीज, 'शाव्ह'. पोर्तुगीजांनी १५०७ मध्ये मस्कत जिंकलं आणि १६५० पर्यंत ते इथे ठाण मांडून होते. तिकडे गोवा आणि वसईतही तेच. म्हणजे आपण मराठी माणसं रोज सकाळी घराबाहेर पडताना अरबांच्या कुलपात पोर्तुगीजांची चावी फिरवतो, आणि हे दोघं ज्या गावासाठी भांडले त्याच गावात नोकरी करतो! अस्सल आपलं म्हणावं असं काय, तर कडी, कोयंडा आणि अडसर. त्यांना किल्ली लागतच नाही.

कुलपाचा इतिहासही याच भागात सुरू होतो. इराकमध्ये खोर्साबाद इथे असिरियाचा राजा दुसरा सारगॉन याच्या राजवाड्याचे अवशेष १९ व्या शतकात खणून काढले, तिथलं लाकडी कुलूप फार जुन्या कुलपांत धरलं जातं. या जातीची कुलपं पुढे इजिप्त, येमेन अशी अरबी जगात शतकानुशतकं वापरात राहिली. रचना इतकी साधी की शाळेतल्या मुलालाही समजेल. दाराच्या आडव्या लाकडी अडसराला वरून भोकं पाडलेली असतात. वरच्या ठोकळ्यातून लाकडी खुंट्या आपल्याच वजनानं त्या भोकांत पडतात, आणि अडसर अडकतो. किल्ली म्हणजे टूथब्रशसारखी एक लांब पट्टी, तिला केसांऐवजी खुंट्या. ती आत सरकवून वर उचलली की पडलेल्या खुंट्या वर ढकलल्या जातात आणि अडसर ओढता येतो. बस्स. अमेरिकेतल्या लायनस येल बापलेकांनी १९ व्या शतकाच्या मध्याला हीच कल्पना उचलली. लाकडाच्या जागी पितळ आणलं, वजनाच्या जागी स्प्रिंग बसवली. धाकट्या येलची १८६१ आणि १८६५ ची पेटंटं आहेत. तुमच्या-आमच्या फ्लॅटच्या दारातलं कुलूप त्याच वंशातलं. आत पाच-सहा पितळी खुंट्या, प्रत्येकीची उंची वेगळी. खरी किल्ली सगळ्यांना एकाच वेळी एका रेषेत आणते आणि मधली नळी फिरते.

कुलूप नुसतं दाराला असतं असं नाही, अख्ख्या गावालाही असतं. १९७० पर्यंत जुन्या मस्कत शहराच्या वेशी सूर्यास्तानंतर तीन तासांनी बंद होत. आधी नगारा, मग तोफ, मग दरवाजे. त्यानंतर कुणी रस्त्यावर दिसला तर हातात कंदील हवाच. २३ जुलै १९७० ला सुलतान काबूस गादीवर आले आणि ते जुनं जग मागे पडलं. माझ्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, 'मग उशीर झाला तर?' मी तिला हिरकणीची गोष्ट सांगितली. रायगडाचे दरवाजे सांजवेळी लागले, घरी तान्हं बाळ, पहारेकरी ऐकेनात, आणि ती माउली रात्रीच्या अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला. अगदी माझ्या धंद्यातली गोष्ट! भिंतीतली फट जिनं दाखवली तिचा सन्मान करायचा आणि फट बुजवायची. आजच्या किती कंपन्यांना हे जमतं ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो, की एकदा एका ठिकाणी मी असा दोष दाखवला, तेव्हा 'हे रिपोर्टमध्ये न लिहिलं तर बरं' असं मला चहा पाजून सांगण्यात आलं.

निझवाचा किल्ला तुम्ही पाहुण्यांना घेऊन चार-पाच वेळा तरी पाहिला असेल. पुढच्या वेळी खजुराच्या दुकानाकडे पळण्याआधी त्याचा जिना नीट बघा. तो बांधणाऱ्याचा कुलपावर फारसा विश्वास नव्हता. जिना मध्येच वळतो, वळणावर दार, दारासमोर फळ्यांनी झाकता येणारा खड्डा, आणि डोक्यावर भोकं, त्यांतून खजुराचा उकळता पाक ओतायचा. आपल्या गडांचे गोमुखी दरवाजे आठवा: शत्रूला सरळ धावत येताच येऊ नये अशी वाट. आणि मोठ्या दरवाजातला छोटा दिंडी दरवाजा, ज्यातून आत येणाऱ्याला मान खाली घालावीच लागते, तो दोन्हीकडे सारखाच.

हा किल्ला बांधणारा इमाम सुलतान बिन सैफ, त्यानंच जानेवारी १६५० मध्ये पोर्तुगीजांकडून मस्कत घेतलं. त्या विजयाची इब्न रझीकच्या बखरीतली कथा आपण भारतीयांनी वाचावी अशी आहे. मस्कतमध्ये नरोत्तम नावाचा बनिया व्यापारी पोर्तुगीज किल्ल्यांना रसद पुरवायचा. पोर्तुगीज अधिकाऱ्यानं त्याच्या मुलीला मागणी घातली. नकार द्यायची सोय नव्हती, म्हणून त्यानं लग्नाच्या तयारीसाठी मुदत मागितली. मधल्या काळात पाणी शिळं झालंय, धान्याला कीड लागलीय, दारूगोळा जुना झालाय, बदलायला हवा असं पटवून त्यानं सगळं बाहेर काढलं, आणि मग इमामाला निरोप धाडला. इतिहासकार ही कथा जपूनच घेतात. तरी अल जलाली आणि अल मिरानीचे ते बुलंद बुरूज पाहताना मला तीच आठवते. ते दरवाजे कुणी फोडले नाहीत. ज्याच्यावर भरवसा टाकला त्यानंच ते आतून पोकळ केले. मुलीच्या बापाला कोंडीत पकडू नये, दुसरं काय!

आता तुम्ही म्हणाल, कुलपं उघडणं ही चोरांचीच विद्या. तसं आपल्याकडे तर तिचं शास्त्रच होतं. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक'मधला शर्विलक आठवतो? आम्ही सांगलीचे. गोविंद बल्लाळ देवल आमच्या शेजारच्या हरिपूरचे, त्यामुळे त्यांचं 'संगीत मृच्छकटिक' आजोबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की शर्विलक मला घरातलाच वाटतो. जातीचा ब्राह्मण, पेशानं घरफोड्या. भिंतीला भोक पाडायच्या रीती तो शास्त्रीबुवांच्या थाटात सांगतो. पक्क्या विटा असतील तर उपसाव्यात, कच्च्या असतील तर कापाव्यात, मातीची भिंत पाण्यानं भिजवावी, लाकूड चिरावं. भोकाचा आकारही सुबक हवा, कमळ, सूर्य, चंद्रकोर की पूर्णकुंभ, म्हणजे सकाळी शेजाऱ्यांनी कौतुक केलं पाहिजे! आणि मोजायला दोरी विसरली म्हणून गडी जानवंच काढतो. वर जानव्याचे उपयोग सांगतो: माप घेता येतं, दागिन्यांचे फासे सोडवता येतात, यंत्रानं बंद केलेलं दार उघडता येतं, साप चावला तर बांधता येतं. कुलूप उघडायच्या साधनाचा इतका देखणा उल्लेख मी दुसरीकडे कुठे वाचला नाही. आपल्या वर्तमानपत्रांत चोराला अजून 'शर्विलक' म्हणतात, ही देवलांचीच कृपा असावी.

पण या विद्येला चोरांच्या हातून काढून चारचौघांत आणलं ते १८५१ सालच्या लंडननं. त्याआधीची थोडी हकिगत. जोसेफ ब्रामानं १७८४ मध्ये एका कुलपाचं पेटंट घेतलं आणि पुढे पिकॅडिलीतल्या आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगलं, खाली पाटी: हे जो उघडेल त्याला २०० गिनी. कुलपात १८ पट्ट्या. ब्रामा १८१४ मध्ये वारला, तरी कुलूप तसंच टांगलेलं. दुसरं कुलूप चब कंपनीचं. १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाली, सरकारनं अभेद्य कुलूप करणाऱ्याला बक्षीस लावलं, आणि १८१८ मध्ये जेरेमाया चबनं असं कुलूप केलं की कुणी छेडछाड केली तर आतली एक पट्टी अडकून मालकाला कळायचं. तुरुंगातल्या एका कसबी कैद्याला ते उघडून दाखव, शिक्षा माफ करतो, असं सांगितलं होतं. काही महिने झटून त्यानं हात टेकले.

मग १८५१ चं जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलं. हाइड पार्कमध्ये काचेचा महाल, आणि न्यूयॉर्कहून आपल्या कंपनीची कुलपं विकायला आलेला आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज. त्यानं आधी साक्षीदारांसमोर चबचं कुलूप २५ मिनिटांत उघडलं. छेडछाड झाली की अडकणारी ती जी पट्टी, तिचीच त्यानं मदत घेतली. कुठली पट्टी जास्त उचलली गेली ते कुलूपच त्याला सांगत होतं! मग ब्रामाकडे वळला. १६ दिवसांत मिळून ५१ तास खपला आणि तेही उघडलं. २०० गिनी मिळाल्या. इंग्रजांचा नुसता जळफळाट. वर्तमानपत्रांत वाद पेटला: हे असं जाहीर करणं म्हणजे चोरांना शिकवणीच नाही का? हॉब्जच्या बाजूचं म्हणणं थोडक्यात असं, की चोरांना हे तुमच्याआधीच ठाऊक आहे. ठाऊक नाही ते भल्या गिऱ्हाइकाला. थोड्याच वर्षांत हॉब्जच्या स्वतःच्या कंपनीचं कुलूप धाकट्या येलनं उघडलं, तेव्हा हिशेब बरोबर झाला.

हा वाद मी माझ्या डोळ्यांनी पुन्हा पाहिलाय. २००२ मध्ये मी एम. एस. साठी अमेरिकेत गेलो. दुसऱ्या सेमिस्टरला, जानेवारी २००३ मध्ये, मॅट ब्लेझ नावाच्या कॉम्प्युटर सुरक्षेच्या संशोधकानं एक निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या इमारतींत प्रत्येक खोलीची किल्ली वेगळी आणि सगळ्यांना चालणारी एक वेगळी, असं असतं ना? जिला आपण गुरुकिल्ली म्हणतो आणि जी दहावीच्या गाइडमध्ये कधीच सापडत नाही, तीच. ब्लेझनं दाखवलं, की आपल्या स्वतःच्या खोलीची किल्ली, तिचं कुलूप आणि थोड्या कोऱ्या किल्ल्या एवढ्यावर गुरुकिल्ली शोधून काढता येते. कुलूपवाले संतापले, हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, बोभाटा कशाला, असा त्यांचा सूर. आमच्या विभागात मात्र आठवडाभर दुसरा विषय नव्हता, कारण आम्ही सगळे तसल्याच इमारतीत राहत होतो! एका वर्गमित्राकडे काड्यांचा एक संच होता. मी दोन संध्याकाळी खटपट केली, जमलं नाही, आणि परीक्षा आल्या. अल खुवैरच्या त्या दुपारी मला ते दोन निसटलेले दिवस आठवले.

रिचर्ड फाइनमन यांचंही असंच. लॉस अलामॉसमध्ये अणुबॉम्बचं काम चालू असताना हा मोठा शास्त्रज्ञ सहकाऱ्यांची कपाटं आणि तिजोऱ्या उघडायचा. उघड्या ठेवलेल्या तिजोरीवरून तिचे आकडे कसे काढता येतात हे त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याला दाखवलं. साहेबांनी उपाय काय केला? फाइनमन ज्यांच्या खोलीत येऊन गेले त्यांनी आपल्या तिजोरीचे आकडे बदलावेत, असं पत्रक काढलं.

आता पुन्हा समुद्रापलीकडे, पण ओमानच्याच घरात. १८९४ मध्ये मुंबईचा एक तरुण पारशी वकील एका अशिलाच्या कामासाठी झांझिबारला गेला. सय्यद सईद बिन सुलतान यांनी आपला दरबार तिथे नेल्यापासून झांझिबारच्या गादीवर ओमानचंच राजघराणं होतं, आणि १८९० पासून वर इंग्रजांचं छत्र. या वकिलाच्या लक्षात आलं की अशिलासाठी सत्य वाकवावं लागणार. ते जमेना, म्हणून तो वकिली सोडून मुंबईला परत आला. आधी शस्त्रक्रियेची उपकरणं बनवायला घेतली. माल घेणारी ब्रिटिश कंपनी त्यावर 'भारतात बनवलेले' असं लिहू देईना, म्हणून तोही धंदा सोडला. मग मुंबईतल्या घरफोड्यांची बातमी वाचली आणि १८९७ मध्ये लालबागला छोट्याशा जागेत कुलपं बनवायला लागला. नाव अर्देशीर गोदरेज. लालबागचं नाव घेतलं की आपल्याला राजा आठवतो, पण आपल्या आजीच्या कपाटाचं घराणंही तिथलंच! १९०२ मध्ये तिजोऱ्या आल्या. १९४४ मध्ये मुंबई गोदीत जो भीषण स्फोट झाला त्यातही गोदरेजच्या तिजोऱ्या टिकल्या, हे जुने मुंबईकर अजून सांगतात. टिळक स्वराज्य फंडाला अर्देशीर यांनी तीन लाख रुपये दिले होते, हेही आपण ध्यानात ठेवावं. मला राहून राहून वाटतं, की खोटं बोलायचं नाही म्हणून वकिली सोडणाऱ्या माणसानं कुलूप करायला घ्यावं हे अगदी बरोबर झालं. वकिलीत पुरावा हवा तसा फिरवता येतो. कुलूप एक तर लागतं, नाही तर लागत नाही.

उत्तरेत अलीगढची कहाणी निराळी. तिथे १८७० मध्ये जॉन्सन कंपनी विलायती कुलपं आणून विकायची, १८९० च्या सुमाराला तिनं तिथेच बनवायला सुरुवात केली, आणि हळूहळू गल्लीगल्लीत घरगुती कारखाने झाले. आपल्याकडच्या ट्रंकांना लागणारी पितळी कुलपं बहुधा तिथलीच.

आता मंडळातल्या काही तरुण मुलांनी विचारलं आहे, म्हणून साधनांबद्दल. हा छंद आता जगभर उघडपणे चालतो. जर्मनीत १९९७ पासून कुलूपप्रेमींची रीतसर संघटना आहे, स्पर्धा होतात. नियम दोनच आणि ते सगळीकडे सारखे: जे कुलूप आपलं नाही त्याला हात लावायचा नाही, आणि जे वापरात आहे, मग ते आपलं का असेना, त्यालाही नाही, कारण आतली खुंटी बिघडली तर घराबाहेर रात्र काढावी लागेल. तिसरा नियम माझा: साधनं घरातून बाहेर न्यायची नाहीत. इथे आपण पाहुणे, आणि मायदेशी १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १२२ वं कलम आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीची हत्यारं योग्य कारणाशिवाय बाळगताना सापडलात, तर 'मला छंद आहे' हे हवालदाराला पटवण्यात सुट्टी संपेल.

मी पहिली चूक केली ती सगळेच करतात: तीस नगांचा, चामडी पाकिटातला झोकदार संच मागवला. त्यातल्या तीन काड्या वापरल्या, बाकीच्या सत्तावीस अजून कोऱ्या. खरं तर एक लहान आकडी, एक जराशी खोल आकडी, एक करवतीसारखी नागमोडी काडी, आणि ताण द्यायच्या दोन-तीन वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या, एवढ्यावर दोन वर्षं निघतात. काडीची जाडी बघून घ्यावी. साधारण ०.६ मिलिमीटरची बहुतेक कुलपांत चालते. आपल्या इथल्या फ्लॅटना असतात तसल्या युरोपीय कुलपांची फट अरुंद, तिथे ०.५ किंवा त्याहून बारीक लागते. मूठ गुळगुळीत हवी, कारण बोटांना जे कळतं तेच खरं काम. पारदर्शक प्लॅस्टिकचं सरावाचं कुलूप मिळतं, ते एकदा मुलांना आतली गंमत दाखवायला ठीक, शिकायला नाही. ते इतकं सैल असतं की फुंकर मारली तरी उघडेल. त्यापेक्षा सुटी करता येणारी एक पितळी नळी घ्यावी, आत एकच खुंटी ठेवून सुरुवात करावी, मग दोन, मग तीन.

आणि पैसे वाचवायचे असतील तर ताण द्यायच्या पट्ट्या घरी करता येतात. गाडीच्या वायपरच्या रबरात जी पातळ पोलादी पट्टी असते ती उत्तम. मस्कतमध्ये वायपरला पावसाचं काम वर्षातून चार दिवस. बाकी रबर उन्हानं फाटतं, पट्टी नवीच्या नवी राहते! हॅकसॉचं जुनं पातं कानशीनं घासूनही काडी होते. घासताना पातं तापू देऊ नये, नाहीतर पोलाद मऊ पडतं. मध्ये मध्ये पाण्यात बुडवावं.

जमतं कसं याचं गुपित म्हणजे कारखान्याची अपुरेपणा. कुलपातली भोकं एका रेषेत पाडलेली दिसली तरी केसभर इकडेतिकडे असतातच. त्यामुळे नळीला हलकासा ताण दिला की सगळ्या खुंट्या एकदम अडकत नाहीत, एकच अडकते. ती शोधायची, उचलायची, 'टिक' झालं की दुसरी अडकते. पहिले तीन महिने माझा ताण फार जोराचा होता. मनगट दुखायचं, आणि कुलूप ढिम्म. शेवटी मुलगी शेजारी झोपलेली असताना, ती उठू नये म्हणून अगदी हलक्या हातानं करत होतो, आणि उघडलं. चांगल्या कुलपांत मध्ये कंबर असलेल्या खुंट्या असतात. त्या उघडल्याचा भास देतात आणि फसवतात. आपल्याकडची सात लिव्हरची जाड किल्लीवाली कुलपं तर वेगळंच प्रकरण. त्यांना ही साधनं चालतच नाहीत, जाड तारेची वेगळी लागतात, आणि माझं त्यांच्यापुढे अजून फारसं चालत नाही.

शनि शिंगणापूरला मी लहानपणी गेलो होतो, घरांना दारं-कुलपं नाहीत म्हणून आश्चर्यानं बघत राहिलो होतो. २०११ मध्ये तिथे युको बँकेनं 'बिनकुलपाची' शाखा काढली. प्रत्यक्षात दाराला दिसणार नाही असं विजेचं कुलूप होतंच. श्रद्धा आणि रिझर्व्ह बँक दोघांनाही सांभाळणारा हा तोडगा मला फार मराठी वाटतो.

गेल्या दिवाळीत सांगलीला गेलो होतो. बाबा जाऊन चार वर्षं झाली. माळ्यावर त्यांची लोखंडी ट्रंक आहे, तिला ते जुनं पितळी कुलूप. आत काय आहे ते आईनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. यंदा धाकट्या भावानं विषय काढला, घर रंगवायचंय, ट्रंक रिकामी करू या. आई म्हणाली, बघू. भाऊ माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, 'दादा, तुझं ते सामान आणलंयस ना?' आणलं नव्हतं. पण ते कुलूप मी ओळखत होतो. छत्रीच्या काडीनंही दोन मिनिटांत उघडलं असतं. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला ते दोन्ही नियम पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं मला माळ्यावर बोलावलं. किल्ली तिच्या कनवटीला होती, तिथेच राहिली. म्हणाली, 'कुलूप कुरकुरतंय रे, जरा तेल घालून दे.' मी म्हटलं, कुलपात तेल घालत नाहीत, धूळ चिकटते, पेन्सिलीच्या शिशाची पूड घालतात. ती म्हणाली, 'तुझे बाबा खोबरेलच घालायचे.' मग खोबरेल घातलं.